फुजैराची प्लेट

आम्ही तेव्हा दुबईला, इंटरनॅशनल सिटीत स्पेन क्लस्टरमध्ये राहत होतो. तिथे प्रत्येक वस्तीला एकेका देशाचं नाव होतं आणि आमच्या वाट्याला स्पेन आला, एवढाच माझा त्या देशाशी संबंध. एक बेडरूम, एक हॉल, खाली ग्रोसरी. ग्रोसरीच्या काचेवर बेडस्पेसच्या, म्हणजे भाड्याच्या खाटेच्या, आणि कारलिफ्टच्या, म्हणजे पैसे देऊन कुणाच्या गाडीतून कामावर जाण्याच्या, चिठ्ठ्या चिकटवलेल्या असायच्या. २००८ साल सुरू झालं त्या थंडीत तिथे एक निराळी चिठ्ठी दिसली. हाताने लिहिलेली, इंग्रजीत. एचिंगच्या प्रेसवर काम करता येणारं माणूस हवं आहे, आठवड्यातून तीन दिवस, अल कूझ.

तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायचं आणि ते कागदावर छापायचं, हे मी मुंबईत कला महाविद्यालयात असताना दोन वर्षं केलं होतं. मग लग्न झालं. पुण्याचं सासर, नवऱ्याची दुबईची नोकरी, मुलगी. हाताला शाई लागून नऊ वर्षं होऊन गेली होती. मी ती चिठ्ठी काचेवरून काढली आणि पर्समध्ये टाकली. दुसऱ्या कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून काढली, हे आता कबूल करायला हरकत नाही. पुढे कळलं की तशा चिठ्ठ्या दुबईभर लावलेल्या होत्या आणि फोन करणारी मी एकटीच निघाले.

फोन उचलला तो एका स्पॅनिश आर्किटेक्टने. काम त्याच्या वडिलांचं होतं. आई गेल्यावर तो वडिलांना दुबईला घेऊन आला होता, आणि त्यांचा जीव रमावा म्हणून अल कूझमधल्या वर्कशॉपच्या ओळीत एक गाळा घेऊन दिला होता. गाळ्यात लोखंडी प्रेस, एक लांब टेबल, खिडकी नाही, एसी मोठा. वडील सत्तरी ओलांडलेले, बुटके, मनगटं जाड. जन्मभर त्यांनी एका छापखान्यात दुसऱ्या चित्रकारांच्या प्लेटा, म्हणजे कोरलेले पत्रे, छापून दिल्या होत्या. स्वतःला ते चित्रकार म्हणवून घेत नसत, मी छापणारा आहे म्हणत.

त्यांची नजर जात चालली होती. समोर पाहिलं की मधोमध डाग दिसायचा, कडेचं थोडंफार दिसायचं. म्हणून ते कुठलीही गोष्ट मान तिरकी करून, बाजूने बघत. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्याकडे तसंच पाहिलं, मग माझे हात मागितले आणि तळव्यांवरून अंगठा फिरवला. हात मऊ आहेत, महिन्याभरात होतील नीट, असं मोडक्या इंग्रजीत म्हणाले. मी त्यांना सेन्योर म्हणायचे, ते मला सेन्योरा. आमच्या घरी मात्र ते स्पेनचे आजोबा झाले. माझी सात वर्षांची मुलगी सुरुवातीला समजत होती की ते आमच्याच बिल्डिंगमध्ये खाली कुठेतरी राहतात.

एका नव्या हॉटेलातल्या स्पॅनिश रेस्टॉरंटसाठी बैलांच्या झुंजीची छापचित्रं हवी होती. त्या हॉटेलचं काम आर्किटेक्टच्याच ऑफिसकडे होतं. म्हाताऱ्यांनी गेल्या वीस वर्षांत रविवारी रविवारी बसून या विषयावर एकवीस प्लेटा केल्या होत्या. त्या सगळ्या जुन्या चादरीत गुंडाळून सूटकेसमधून दुबईला आणल्या होत्या. आता प्रत्येकीच्या पन्नास प्रती काढायच्या होत्या. खाचांत शाई भरायची, वरची जाळीच्या कापडाने पुसायची, ओला कागद ठेवायचा, प्रेस फिरवायचा. पुसण्याचं काम नजरेचं असतं. तेवढं त्यांना जमेनासं झालं होतं, आणि त्यासाठी मी.

पहिला छापा निघाला तेव्हा मी त्यात झुंजणारा माणूस शोधू लागले. रंगीत कपड्यातला, लाल फडकं धरलेला माणूस असेल अशी माझी कल्पना. तो कुठेच नव्हता. मेलेल्या बैलाच्या शिंगांना दोर बांधून तीन खेचरं त्याला मैदानाबाहेर ओढून नेत होती आणि मागे एक माणूस वाळूवर फावडं ओढत होता. दुसऱ्या प्लेटमध्ये पोट शिवलेला घोडा. तिसरीत मैदानाच्या मागची खोली, आकड्यांना टांगलेलं मांस, बाहेर रांगेत उभ्या बायका.

फावड्याचा माणूस म्हणजे म्हाताऱ्यांचे वडील. रविवारी झुंज झाली की रक्त लागलेली वाळू खरवडून काढायची आणि नवी पसरायची, हे त्यांचं काम. लहानपणी म्हातारे त्यांच्याबरोबर जात, त्यामुळे त्यांनी झुंज कायम मागच्या दारातून पाहिलेली. पुढे वयात आल्यावर ते कधीही तिकीट काढून गेले नाहीत.

मी शाकाहारी घरातली. हे घरात कसं टांगायचं लोकांनी, असं मी एकदा न राहवून विचारलं. त्यांच्याकडे जुन्या उस्तादांच्या छाप्यांची दोन जाडजूड पुस्तकं होती, त्यांतलं एक त्यांनी उघडून दिलं आणि मला वर्णन करायला सांगितलं. त्यांच्या देशात दोन-अडीचशे वर्षं मोठमोठ्या चित्रकारांनी हाच विषय तांब्यावर आणि दगडावर केला आहे. मी पान उलटायचे आणि काय दिसतं ते सांगायचे, ते डोळे मिटून ऐकायचे. एका चित्रात बैल थेट प्रेक्षकांत घुसलेला होता, सगळी गर्दी एका कोपऱ्यात चेंगरलेली आणि उरलेलं अर्धं चित्र नुसतं रिकामं. ते म्हणाले, हे रिकामं सोडण्याचं धाडस शिकायला मला चाळीस वर्षं लागली.

काळा रंग त्यांच्यासाठी सर्वांत महत्त्वाचा होता. पत्र्यावर राळेची बारीक पूड पसरायची, ती तापवून चिकटवायची आणि पत्रा द्रावणात बुडवायचा. पुडीच्या कणांमधलं तांबं द्रावण खातं, तिथे शाई धरते, आणि कागदावर मखमलीसारखा काळा उतरतो. पत्रा जितका वेळ द्रावणात, तितका काळा गडद. पण एका मर्यादेपर्यंतच. त्यापुढे राळेचे कणसुद्धा सुटतात, सगळं सपाट होतं, आणि काळ्याचा करडा होऊन जातो. हॉटेलकडून एक इंटिरिअरवाली बाई छापे बघायला आली तेव्हा तिने विचारलं की हे फार अंधारलेलं नाही का, थोडा लाल रंग चालणार नाही का. म्हातारे शांतपणे म्हणाले, "आमच्याकडे रक्त काळंच छापतात."

त्या वर्षीच्या ऑक्टोबरपर्यंत आम्ही चौदा प्लेटा छापून संपवल्या होत्या. मग हॉटेलचं काम थांबलं. थांबलं असं कुणी म्हणत नव्हतं, होल्डवर आहे म्हणत. नवरा एका कन्स्ट्रक्शन कंपनीत प्लॅनिंग इंजिनिअर होता. तो घरी येऊन रोज एका प्रोजेक्टचं नाव सांगायचा, हेही होल्डवर गेलं म्हणून. आमच्या कारलिफ्टमधला एक जण दिसेनासा झाला, मग दुसरा. मुलीच्या वर्गातली बाकं रिकामी व्हायला लागली. ती घरी येऊन सांगायची, "शी वेंट बॅक टू इंडिया," आणि पुढच्या आठवड्यात दुसरं नाव.

हॉटेलने छापे नको म्हणून कळवलं. मुलाने ते वडिलांना कसं सांगितलं मला माहीत नाही. मी गेले तेव्हा म्हातारे नेहमीप्रमाणे कागद भिजवत बसले होते. गाळ्याचं पुढच्या वर्षभराचं भाडं आधीच दिलेलं होतं, तेव्हा उरलेल्या सात प्लेटाही छापून टाकू, असं त्यांनी ठरवलं. माझा पगार आता नीट मिळणार नाही हे दोघांनाही कळत होतं. मी विषय काढला नाही. घरी बसून मी नवऱ्याचा चेहरा बघत राहिले असते, त्यापेक्षा तो गाळा बरा होता.

शेजारच्या गाळ्यात सुतारकाम चालायचं. त्याचे मालक रत्नागिरीकडचे, तीस वर्षं दुबईत काढलेले. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. ते चार वाजता काळा सुलेमानी चहा घेऊन येत आणि छापे बघून मान हलवत. त्यांनीच एकदा सांगितलं की बैलांची झुंज बघायची तर पूर्व किनाऱ्यावरच्या फुजैराला जा, थंडीत दर शुक्रवारी असते, आणि तिथे कुणी बैल मारत नाही. म्हाताऱ्यांनी ते माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. माझं माहेर सावंतवाडीकडचं. मी त्यांना म्हटलं की आमच्याकडेही पाडे झुंजवतात, मी लहानपणी पाहिलंय. त्यांना ते खरं वाटेना.

पुढच्या फेब्रुवारीत एका शुक्रवारी आम्ही त्यांना फुजैराला घेऊन गेलो. नवरा गाडी चालवत होता, मागे एका खिडकीशी म्हातारे, मधे मी, पलीकडे मुलगी. डोंगरातून रस्ता उतरतो आणि अचानक समुद्र येतो. समुद्राजवळच्या मोकळ्या मैदानाभोवती मोठमोठ्या गाड्या गोल लावलेल्या होत्या, बॉनेटवर पोरं बसलेली, पांढऱ्या पायघोळ कंदुऱ्यातले वयस्कर अरब खुर्च्या टाकून पुढे. आम्ही आमची घडीची खुर्ची टाकली. माइकवर कुणीतरी अरबीत एकसारखं बोलत होतं. वशिंडवाले दोन बैल आणले, त्यांनी पायांनी वाळू उडवली आणि कपाळाला कपाळ भिडवलं. हललेच नाहीत. म्हातारे माझा दंड धरून विचारत होते, आता काय, आता काय. मी सांगत होते की नुसते ढकलतायत, मागचे पाय रोवलेत, एकाच्या नाकातून फेस येतोय. मग एक बैल वळला आणि चालायला लागला. दोन्हीकडची माणसं दोर घेऊन धावली, खलास, खलास म्हणत त्यांनी दोघांना वेगळं ओढलं. एकेका दोराला आठ-दहा जण लोंबकळलेले.

"आता हरलेल्याचं काय करणार?" त्यांनी विचारलं.

"घरी नेणार," मी म्हटलं.

त्यांनी वाकून बोटांनी वाळू चाचपली. मग म्हणाले, "माझे वडील इथे बेकार राहिले असते."

नवरा हसला, पण ते हसले नव्हते हे बघून थांबला. परतीच्या वाटेवर अंधार पडला. मुलीने माझ्या कानात विचारलं, "व्हाय डझन्ट ही लुक ॲट मी?" मी तिला हळूच समजावलं की ते बाजूने बघतात. मग ती माझ्या मांडीवरून सरकून त्यांच्या बाजूला जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाविसावी प्लेट घ्यायची म्हणून सांगितलं. ठेवणीतला मोठा पत्रा काढला. दोन बैल, कपाळ भिडलेले, आणि दोन्ही कडांना दोर ओढणारी माणसं. रेषा ते जाड सुईने काढायचे, गाल पत्र्याला टेकवून, आणि डाव्या हाताच्या बोटाने आधीची रेष चाचपत. दिवसाला वीतभरही काम होत नसे. कधी रेष कुठे गेली ते सापडायचं नाही, मग माझं बोट धरून त्यावर ठेवायला लावायचे. मार्च गेला, एप्रिल गेला. अशा रीतीने काढलेलं चित्र मी तोवर पाहिलं नव्हतं. बैलांच्या आकाराला एक जडपणा आला होता, जो आधीच्या एकवीस प्लेटांत नव्हता. त्यांचा मुलगा एकदा येऊन बघून गेला. दारात मला थांबवून तो म्हणाला की डॉक्टरांच्या मते ऑगस्टपर्यंत त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळेल. ही शेवटची, हे त्यांनाही ठाऊक होतं.

मे महिन्यात रेषांचं काम पुरं झालं. राळ मी पसरली, त्यांनी तापवली. फक्त बैलांची अंगं काळी करायची होती, म्हणून बाकीचा पत्रा रोगणाने झाकला. द्रावणात किती वेळ, ते त्यांनी दोन छोट्या तुकड्यांवर आजमावून ठरवलं होतं, सतरा मिनिटं. पण ते तुकडे आम्ही आदल्या आठवड्यात, एसी चालू असताना केले होते. त्या दिवशी सकाळपासून एसी बंद पडला होता, गाळ्यात उभं राहवत नव्हतं, आणि द्रावण गरम झालं की दुप्पट वेगाने खातं हे मला माहीत असून मी बोलले नाही. वेळ कमी करू, एवढं म्हणायला हवं होतं. पत्रा बुडवला. उकाडा सोसवेना म्हणून म्हातारे चाचांकडे जाऊन बसले. घड्याळ मी सांभाळणार होते.

पाच-सहा मिनिटं झाली असतील, नवऱ्याचा फोन आला.

"अगं, लेटर मिळालं," तो म्हणाला.

मी विचारलं, कसलं लेटर. माझ्या डोक्यात त्या क्षणी मुलीच्या शाळेचं काहीतरी आलं.

"टर्मिनेशनचं. आमच्या सगळ्या फ्लोअरला एकदमच दिलं. एक महिना नोटीस."

मग तो बोलत राहिला. लॅपटॉप लगेच जमा करायला लावला, व्हिसा कॅन्सल झाला की तीस दिवसांत निघायचं, मुलीच्या शाळेचं काय करायचं, पुण्याचा फ्लॅट भाड्याने दिलेला आहे. त्याचा आवाज एकदम सपाट होता. मी बाहेर सावलीत उभी राहून हो, हो म्हणत होते. फोन ठेवला आणि घड्याळ पाहिलं तर तीस मिनिटं होऊन गेली होती.

मी धावत आत गेले, पत्रा काढला, पाण्याखाली धरला. द्रावण गडद असतं, त्यात काही दिसत नाही. पाणी ओतल्यावर दिसलं. ज्या जागी तांबं खरखरीत लागायला हवं तिथे बोट घसरत होतं.

म्हातारे आले. सगळं नीट झालं ना, त्यांनी विचारलं, आणि मी हो म्हटलं. शाई भरली, पुसली, कागद ठेवला. प्रेसचं चाक त्यांनी स्वतः फिरवलं. कागद उचलला तेव्हा दोन्ही बैल करडे होते, ओल्या फरशीसारखे, आणि रोगणाखाली द्रावण शिरून दोरांच्या रेषा फुगून एकमेकींत मिसळल्या होत्या. त्यांनी कागद माझ्याकडून घेतला, दाराशी उजेडात नेला, मान तिरकी करून चेहऱ्याजवळ धरला. आकार त्यांना अंधुक दिसत असावेत. काळ्या-करड्यातला फरक त्यांना कळेनासा झाला होता, हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं.

"काळा आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे. काळा आहे," मी म्हटलं.

मी असं का केलं हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. त्यांना दुःख होऊ नये म्हणून, असं मी बरीच वर्षं मानत आले. पण ते पूर्ण खरं नाही. त्या दिवशी आणखी एक वाईट गोष्ट तोंडाने उच्चारायची माझ्यात ताकद नव्हती, आणि ती गोष्ट माझ्याच हातून झालेली होती. उद्या सांगू म्हटलं. दुसऱ्या दिवशी आम्ही आणखी पाच प्रती काढल्या, मग त्यांनी पेन्सिल मागितली आणि सहाही प्रतींवर चाचपत सही केली. सही झाल्यावर कसं सांगायचं. दिवसेंदिवस ते अवघड होत गेलं. घरी आम्ही खोकी भरत होतो, रात्री नवरा वेगवेगळ्या कंपन्यांना सीव्ही पाठवत बसायचा, आणि मी या एका गोष्टीबद्दल त्याच्याजवळही बोलले नाही.

जूनमध्ये मुलाने एक गॅलरीवाली बाई गाळ्यावर आणली. हॉटेलसाठी काढलेले छापे कुणीतरी घ्यावेत ही त्याची धडपड चालली होती. त्याने गठ्ठा लावताना फुजैराचा छापा सगळ्यांत वर ठेवला. विषय इथला आहे, तिला आवडेल, असं त्याला वाटलं. छापचित्रं त्याला कळत नव्हती. मी पुढे झाले, तो खाली सारायला हात घातला, पण तोवर तिने तो उचलला होता.

ती चांगली बाई होती. हळू आवाजात म्हणाली, हा बहुधा फसलेला नमुना चुकून वर आलाय, नाही का. मुलगा तिच्याकडे बघत राहिला. म्हाताऱ्यांनी त्याला स्पॅनिशमध्ये काहीतरी विचारलं, त्याने एका वाक्यात उत्तर दिलं. मग ते माझ्या दिशेने वळले. या वेळी मान तिरकी केली नाही, सरळ माझ्याकडे तोंड करून उभे राहिले.

"सेन्योरा, काळा आहे?"

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली. बाईला खुर्ची दिली, उरलेले छापे एकेक करून दाखवले, प्रत्येकाबद्दल दोन शब्द सांगितले. तिने एकवीस छाप्यांचे दहा संच घ्यायचं कबूल केलं. प्लेटा मात्र छापून झाल्यावर रद्द करायच्या, अशी तिची अट. या धंद्यात तशी पद्धतच आहे. पत्र्यावर आरपार ओरखडा मारतात, म्हणजे पुढे कुणी नवी प्रत काढू शकत नाही.

ती गेल्यावर मुलगा गाडी काढायला बाहेर गेला. आम्ही दोघंच राहिलो.

"किती मिनिटं होता पत्रा?" त्यांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. फोन, नवऱ्याचं लेटर, एसी, तीस मिनिटं. त्यांनी मधे अडवलं नाही. नवऱ्याला दुसरं काम मिळालं का ते विचारलं. नाही म्हटल्यावर म्हणाले, "पत्रा बिघडतो. माझ्या हातून शंभर बिघडले असतील. त्याच दिवशी सांगितलं असतंस तर पुन्हा राळ घातली असती, पुन्हा बुडवला असता. तेव्हा मला रेषा दिसत होत्या. आता नाही दिसत."

त्यांनी आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं. ते उठून नळाखाली हात धुवायला लागले. मला रडू आलं आणि ते ऐकू जाऊ नये म्हणून मी तोंडावर शाईचं फडकं धरलं.

प्लेटा रद्द करायला त्यांनी मलाच बोलावलं. जूनचा शेवट होता. एसी सुरू झाला होता. त्यांनी एकेक पत्रा काढून माझ्यापुढे ठेवायचा, मी पट्टी लावून पोलादी सुईने एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत ओढायचं. खेचरांवरून, घोड्यावरून, रांगेतल्या बायकांवरून. तांब्यावरून सुई जाताना एक बारीक किंचाळल्यासारखा आवाज होतो, दात शिवशिवतात. फावड्याच्या माणसापाशी माझा हात थांबला. त्यांनी ते ओळखलं आणि म्हणाले, ओढ. एकवीस झाल्या. बाविसावी मी स्वतःहून उचलली तेव्हा त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली.

"हिला नको," ते म्हणाले. "ही अजून छापलेलीच नाही."

जुलैत आम्ही निघालो. निघायच्या आधी निरोप घ्यायला मी गाळ्यावर गेले. मुलीने त्यांच्यासाठी क्रेयॉनने एक बैल काढला होता, तो बरोबर होता. शटर बंद होतं. चाचा म्हणाले की आठ दिवस कुणी आलेलं नाही, आर्किटेक्टच्या ऑफिसमध्येही माणसं कमी केलीत म्हणतात. मी बैल चाचांकडे ठेवायला दिला. तो पोचला की नाही मला माहीत नाही.

पुण्यात यायला लागलं तेव्हा मुलीला मराठी नीट वाचता येत नव्हतं आणि शाळेत मुलं तिच्या बोलण्याला हसायची. नवऱ्याला सव्वा वर्ष काम नव्हतं. मग मस्कतला मिळालं. तो एकटाच गेला, वर्षातून एकदा यायचा. मी एका शाळेत चित्रकला शिकवायला लागले. त्या काळाबद्दल आमच्या घरात कुणी फारसं बोलत नाही. बोललोच तर माणसांबद्दल बोलतो, कोण कुठे गेलं, कोण परत जाऊ शकलं.

२०१२च्या सुमारास म्हाताऱ्यांच्या मुलाचा ईमेल आला. तो स्पेनला परतला होता. वडील त्या हिवाळ्यात गेले. शेवटची अडीच वर्षं त्यांना काही दिसत नव्हतं, दुपारी रेडिओ लावून बसायचे. त्यांच्या गावच्या वाचनालयात छापे टांगायचे होते, पण त्यांवर क्रमांक नव्हते. वडील कुठल्या क्रमाने लावायचे ते तुम्हाला आठवतं का, एवढंच त्याने विचारलं होतं.

आठवत होतं. दीड वर्ष मी ते दर खेपेला त्याच क्रमाने टेबलावर मांडले होते. पहाटे मैदानाचं दार उघडतं तिथून सुरुवात, आम्ही सर्वांत आधी छापलेला फावड्याचा माणूस अकरावा, शेवटी रिकामं मैदान. मी एकवीस ओळी लिहिल्या. मग बाविसाव्या चित्राबद्दलही लिहिलं, झालं तसं सगळं, कारण गॅलरीवाल्या बाईने काय म्हटलं तेवढंच त्या मुलाला माहीत होतं आणि त्याला तो दोष वडिलांच्या डोळ्यांचा वाटत असणार. तो तसा समज राहू देणं मला जमेना.

दोन दिवसांनी उत्तर आलं. त्याने क्रमाबद्दल आभार मानले होते. बाविसाव्याबद्दल लिहिलं होतं की वडिलांनी दुबई सोडताना त्या सहाही प्रती फाडल्या, आणि तो पत्रा सामानात सापडला नाही. मी सांगितलेल्या बाकीच्या गोष्टीचा उल्लेख त्याने केला नव्हता.

आमच्या शाळेत मध्यंतरी जुना एचिंग प्रेस कुणीतरी देऊ केला होता. मुख्याध्यापिकांनी मला विचारलं, तुम्हाला येतं ना हे, घेऊ या का. मी म्हटलं, नको, जागा कुठे आहे. जागा होती. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.